परिशिष्ट ब

ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात तिला सगळे पाठीमागे ‘समासबाई’ म्हणत. पीएचडीचा प्रबंध घेऊन येणारा प्रत्येक जण आधी तिच्या टेबलापाशी अडे. डावा समास दीड इंच, कारण बांधणीत अर्धा इंच गिळला जातो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग प्रकरणं, संदर्भसूची आणि सगळ्यात शेवटी परिशिष्टं. क्रम चुकला की ती प्रबंध अलगद मिटून परत सरकवी. पोरं रडकुंडीला येत. कुणी हुज्जत घातलीच, तर ती पट्टी लावून दाखवी आणि म्हणे, “मी नाही, पट्टी म्हणतेय.”

त्या वर्षी जुने प्रबंध स्कॅन करून सगळ्यांना वाचायला खुले करायचं काम निघालं. सोबत एक फतवाही निघाला: ज्या निवृत्त प्राध्यापकाला मानद पद हवंय, त्याचा स्वतःचा प्रबंध आधी संकेतस्थळावर पूर्ण चढलेला हवा. अर्जदारांची यादी तिच्या हाती आली. तिसरं नाव वाचून तिने यादी उपडी ठेवली, माठातलं पाणी प्यायलं आणि मग ती पुन्हा उलटून पाहिली. तोच होता.

तिचे वडील भूजल प्रयोगशाळेत मदतनीस होते. चार वर्षं ते सायकलवरून बेचाळीस विहिरी पालथ्या घालत, दोरीला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजत आणि वहीत लिहीत. त्या वह्यांवर या माणसाने डॉक्टरेट मिळवली. पुढे त्याच्या आकड्यांवर विसंबून पाण्याची योजना उभी राहिली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पंप कोरडे पडले. चौकशी बसली. “आकडे मदतनिसाने घरी बसून ठोकलेत,” असं त्याने तीन जणांच्या समितीपुढे सांगितलं. वडील घसा सुकेपर्यंत म्हणत राहिले, “माझ्या वह्या बघा. मूळ सरांकडे आहेत, पण झेरॉक्स प्रबंधाच्या शेवटी बांधल्यात.” पण ग्रंथालयातल्या प्रतीत ती पानं नव्हती. वडिलांना काढून टाकलं. तेव्हा ती नववीत होती, आणि वर्गातल्या मुली तिला ‘ठोकलेले आकडे’ म्हणायला लागल्या होत्या.

घरात त्यानंतर त्या माणसाचा विषय निघाला नाही. वडिलांनी त्याला माफ केलं, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. मुलीने मात्र माफ केलं नव्हतं. या विभागात तिने बदली मागून घेतली होती, ती काही समासांच्या प्रेमाने नाही.

तिने त्याचा प्रबंध कपाटातून काढला. अनुक्रमणिकेत स्पष्ट छापलं होतं: परिशिष्ट ब, पृष्ठे २११ ते ३०६. पुस्तक मात्र २१० वर संपत होतं. शिवणीत बोट घातल्यावर कापलेल्या पानांच्या कडा लागल्या. ब्लेडने, पट्टी धरून कापल्यासारख्या सरळ.

आठवड्याने तो स्वतः आला. केस पांढरे, आवाज मात्र तिने लहानपणी ऐकलेला, तसाच मऊ.

“बाई, माझं काम तेवढं अडलंय म्हणे?”

“परिशिष्ट ब नाहीये, सर. प्रबंध अपूर्ण आहे.”

“अहो, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हरवलं असेल. नुसती आकड्यांची जंत्री होती, कोण वाचतंय? तुम्ही अनुक्रमणिकेतली ती ओळ काढा आणि चढवून टाका.”

“ओळ काढली तर तो प्रबंध तुमचा राहणार नाही.”

तो हसला. “फारच कडक आहात बुवा.”

“बाहेरून आलेल्या परीक्षकांकडेही एक प्रत गेली असेल ना?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“ते गेले कधीच,” तो म्हणाला आणि घड्याळ बघून उठला.

परीक्षक गेले होते, पण त्यांची पुस्तकं त्यांच्या विद्यापीठाला दिलेली होती. तिने पत्र पाठवलं. मग स्मरणपत्र. मग फोन, तोही रोज, इतका की तिकडचा ग्रंथपाल तिचा आवाज ऐकताच “शोधतोय, ताई, शोधतोय” म्हणायला लागला. दीड महिन्याने पार्सल आलं.

शहाण्णव पानं. वडिलांचं अक्षर, प्रत्येक पानाखाली त्यांची सही, कुठे झेरॉक्समध्येही उठलेला चिखलाचा डाग. तिने चौथ्या प्रकरणातलं कोष्टक शेजारी ठेवलं आणि एकेक विहीर पट्टी सरकवत ताडून पाहिली. एकोणिसाव्या विहिरीत वडिलांनी पाणी साडेअकरा मीटर खोल लिहिलं होतं, कोष्टकात ते साडेसात झालं होतं. अशा सतरा विहिरी निघाल्या. प्रत्येक ठिकाणी पाणी वर आणलं होतं. रडू आलं नाही. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

तिने त्याला बोलावून घेतलं.

“आनंदाची बातमी आहे, सर. पूर्ण प्रत मिळाली.” तिने परिशिष्ट उघडून समोर ठेवलं. “इथे सही करा. ‘सोबतची प्रत संपूर्ण असून माझीच आहे.’”

त्याने दोन-चार पानं उलटली. बसायला खुर्ची होती, तिने दाखवली नाही.

“हे… याची आता काय गरज आहे?”

“नियम आहे. तुमचा प्रबंध नसेल, तर तसं लिहून द्या. मग पदवीचं काय करायचं ते वरचे बघतील.”

“आपण समजूतदारपणे काही…”

“मी नाही, पट्टी म्हणतेय.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुम्ही त्यांच्या कोण?”

“मुलगी.”

त्याने सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की तिने त्याला दुसरा कागद देऊन पुन्हा करायला लावली.

प्रबंध चढला, प्रत्येक भाग आपापल्या जागी. तिने वर अर्जही केला, सतरा विहिरींची यादी जोडून. चार महिने कागद फिरले. त्याचं मानद पद गेलं, प्रबंधाची चौकशी लागली आणि वडिलांच्या नावाने दोन ओळींचं पत्र आलं: ठपका मागे घेण्यात येत आहे.

ते पत्र आणि परिशिष्टाची छापील प्रत घेऊन ती माहेरी गेली. वडील पलंगावर बसले होते. पत्र त्यांनी वाचून बाजूला ठेवलं. वह्यांची पानं मात्र दुपारभर चष्मा पुसत पुसत पाहिली. ती वाट बघत होती, की आता म्हणतील, जाऊ दे गं, झालं गेलं.

“याच्या अजून तीन प्रती काढ,” ते म्हणाले.

“कशाला, बाबा?”

“समितीत तिघं होते.”

“दोघं तर वारले असतील आता.”

“मग त्यांच्या मुलांना पाठव. त्यांना कळू दे, बापाने काय केलं ते.”

वडिलांनी उशाशी चाचपून पेन काढलं, पत्राची मागची कोरी बाजू तिच्यापुढे धरली आणि एकेक घर, एकेक गल्ली न अडखळता सांगायला सुरुवात केली.

“लिही,” ते म्हणाले. “पहिला पत्ता.”