सांगतो तेवढंच करा

साजगावच्या खोक्यांच्या कारखान्यात साईनाथ ठोंबऱ्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. पुठ्ठा कापणारी, चिकटवणारी, गठ्ठे बांधणारी सगळी माणसं त्यांच्याच हाताखाली. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी ते बजावत, "विचार करायला मी आहे. सांगतो तेवढंच करा!" कुणी काही सुचवलं तर भर शेडमध्ये त्याची अशी खरडपट्टी निघे, की तो पुन्हा तोंड उघडत नसे. हळूहळू शेडमधली बोलणीच थांबली. मालक खूश होते. साईनाथही अभिमानाने सांगत, "माझी माणसं बघा, कशी सुतासारखी सरळ!"

श्रावणात त्यांना ताप भरला. भिसेगावच्या घरी अंथरुणावर पडूनही सुटका नव्हती. जुना कामगार विलास सारखा फोन करी. "साहेब, दोरी संपली, दुसरी घेऊ का?" "साहेब, कचरा उचलू का?"

एके दुपारी मात्र फोन येईनासा झाला. साईनाथांनी स्वतः लावला, तर विलासचा फोन बंद. केबिनमधला फोन नुसता वाजत राहिला. त्यांच्या परवानगीशिवाय केबिनमध्ये कुणी पाऊल टाकत नसे. मनात पाल चुकचुकली. ताप उतरलाच होता. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी मोटारसायकल काढली.

घाटावरचे ढग पार खाली उतरले होते. भरदुपारी कारखान्यात दिवे लागलेले. साईनाथ शेडच्या दाराशी आले आणि जागच्या जागी थबकले. आतून त्यांचाच आवाज येत होता!

"विचार करायला मी आहे. सांगतो तेवढंच करा!"

तोच चढ, तीच जरब, शेवटी तोच खाकरा. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बोलत होता विलास. समोर नुकतीच कामाला लागलेली रुचिता रडवेली उभी होती. पण विलास तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर रिकाम्या केबिनवर खिळली होती. कापणीच्या मशीनची मोटर धुमसत होती. धुराची काळी रेघ जमिनीलगत सरपटत पुठ्ठ्याच्या ढिगाकडे चालली होती. आणि माणसं? सगळी आपापल्या जागी हात सोडून, केबिनकडे तोंड करून उभी! कुणी हलत नव्हतं. गोदाबाईच्या डोळ्यांतून धुराने घळाघळा पाणी वाहत होतं, तरी तिने पदरसुद्धा वर नेला नव्हता.

साईनाथ धावले. त्यांनी मोटर बंद केली आणि धुमसणाऱ्या भागावर विझवायची पावडर मारली. ढीग थोडक्यात वाचला. ते धापा टाकत वळले. सगळ्या माना एकदमच त्यांच्याकडे वळल्या.

"साहेब, आता काय करायचं?" सगळ्यांनी एका सुरात विचारलं.

माणसं जिवंत होती, पण डोळे निर्जीव.

घरी आल्यावर त्यांनी सगळा प्रकार बायकोला, प्राचीला सांगितला. प्राची शाळेत खेळाची शिक्षिका. मुलींचा कबड्डीचा संघ तिनेच घडवला होता.

"मठ्ठ आहेत गं सगळी! डोळ्यांसमोर धूर, आणि बटण दाबायचं सुचू नये?"

"अहो, सुचलं असेल. दाबायचं धाडस झालं नसेल," प्राची म्हणाली. "माझी पोरगी चढाईला जाते ना, तेव्हा मी रेषेबाहेर असते. आत तिलाच ठरवावं लागतं, पाय टाकायचा की माघारी फिरायचं. सरावात मी तिला चुकू देते, मग का चुकली ते तिलाच विचारते. मीच तिचे हातपाय हलवत राहिले, तर मैदानात उतरेल ती बाहुली! तुम्ही माणसं शिकवली नाहीत हो. बाहुल्या करून ठेवल्यात."

त्या रात्री साईनाथांचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "काल काय चुकलं? तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्नात काहीतरी फास असावा, अशा नजरेने सगळी बघत राहिली. बऱ्याच वेळाने गोदाबाई पुटपुटली, "सायेब, मशीनला जळका वास मारत व्हता. आमाला समद्यांनाच येत व्हता."

"मग सांगितलं का नाही?"

"मागं मी सांगाया आले, तवा तुमीच म्हनला, नाक खुपसू नको. मंग नाय खुपसलं."

साईनाथांची मान खाली गेली. "चूक माझी होती, गोदाबाई," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज एकेकाच्या शेजारी उभे राहू लागले. हुकूम सोडण्याऐवजी विचारू लागले, "तू काय केलं असतंस?" जुनी सवय सहजी जाईना. रागाचे शब्द जिभेवर येत, ते गिळावे लागत.

खरी कसोटी पुढेच होती. एका सकाळी रुचिताने वेगळाच आवाज आला म्हणून चालू मशीन थांबवलं. तपासलं तर बिघाड काहीच नव्हता. मालाची घाई होती. मालक भडकले, "कुणी थांबवलं?"

रुचिता पांढरीफटक पडली. साईनाथ पुढे झाले. "तिने थांबवलं, आणि शंका आली म्हणून थांबवलं ते योग्यच केलं! आवाज ओळखायचा कसा, ते मी तिला शिकवायचं राहिलं होतं." मग तिला मशीनपाशी नेऊन त्यांनी दोन आवाजांतला फरक ऐकवला. विलास, गोदाबाई, सगळीच भोवती गोळा झाली. कुणीतरी प्रश्न विचारला. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. पुष्कळ दिवसांनी त्या शेडमध्ये माणसांची कुजबुज सुरू झाली.

पुढे साईनाथांना दुसऱ्या कारखान्यावर पाठवलं. इथलं काम त्यांच्यावाचून अडलं नाही. हीच त्यांची खरी बढती!

वाचकहो, आपल्या हाताखालीही माणसं असतात, कचेरीत, दुकानात, घरातसुद्धा. धाकाने कामं होतात, पण धाक देणारा उठून गेला की कामही उठून जातं. शिकवलेला माणूस मात्र मागे उरतो, आणि तो पुढच्याला शिकवतो.