वायपरच्या खाचेतले तुडतुडे

गाडीच्या समोरच्या काचेखाली, डाव्या वायपरच्या खाचेत मेलेले तुडतुडे साचले होते. फिकट हिरवे, तांदळाच्या कणीएवढे. उजव्या वायपरखाली एकही नव्हता.

गाडीचं कव्हर अर्धवट काढून ज्योत्स्ना तशीच उभी राहिली. कृषी महाविद्यालयात ती कपाशीवरचे कीटक शिकवत असे. तुडतुडा दोनच गोष्टींकडे जातो, पानातल्या रसाकडे नाहीतर उजेडाकडे. खाचेत पान नव्हतं. आणि गाडी रविवारी रात्रीपासून जाड कव्हरखाली, पोर्चमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

ती आत बसली आणि चावी फिरवली. 'टक्' झालं. तेही थकल्यासारखं.

"बसली वाट्टे!" घरातून तिच्या नवऱ्याचा, गजेंद्रचा आवाज आला आणि मागोमाग तो स्वतः, तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. "तुले शंभर खेपा सांगतलं, आधी एसी बंद कर, मंग गाडी बंद कर. बाईच्या हातात गाडी देल्ली का बॅटरी गेलीच समजा."

"मी एसी लावतच नाही."

"मंग काहून उतरते? सांग ना. तू तर सायन्सची हाय."

खर्रा तोंडात गेला आणि चर्चा संपली. तो बोलून गप्प झाला की त्याला वाटे, मुद्दा सिद्ध झाला.

गाडी ज्योत्स्नाची होती. दर बुधवारी ती अकोल्याहून अमरावतीच्या प्रयोगशाळेत जाई. म्हणजे, जायचं असे. जूनपासून गाडी बहुतेक बुधवारी मेलेली सापडे, आणि मग मूर्तिजापूरमार्गे बस, त्यात अर्धा दिवस वाया. रविवारी गाडी गजेंद्रकडे असे. तेव्हाही ती मेलेलीच असे, पण त्याला ढकलायला चार कार्यकर्ते येत आणि दिवसभर लग्नं, वाढदिवस, तेरव्या फिरून गाडी ताजीतवानी होऊन परते. यावरून त्यानं निष्कर्ष काढला होता की गाडी त्याच्या हाताला लागू आहे.

सासूबाईंचं, केशरबाईंचं, निदान वेगळं होतं. बुधवार ज्योत्स्नाला मानवत नाही. मेकॅनिक श्यामचं तर काहीच निदान नव्हतं. तो नवी बॅटरी टाकत असे. दोन टाकून झाल्या होत्या. एवढ्या महिन्यांत या तिघांपैकी एकानंही काही मोजलं नव्हतं. न मोजता इतकं ठाम बोलता येतं, याचं सुरुवातीला तिला नवल वाटे. आता नुसती किळस येई.

अमरावतीच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद तिला देऊ केलं होतं. होकार कळवायची मुदत उद्या संपत होती. घरात विषय निघाला की गजेंद्र पोर्चकडे बोट दाखवी. "अशी गाडी घेऊन रोज जाशीन? बडनेऱ्याच्या अलीकडं बंद पडली तं कोण येईन?" यावर ती "बघते" म्हणे. खरं सांगायचं तर, चावी फिरवल्यावर 'टक्' झालं की तिलाही क्षणभर हायसं वाटायचं. आजचं बोलणं टळलं. हे कळल्या दिवसापासून घरात जे तुच्छ वाटत होतं, त्यात तिनं स्वतःलाही थोडी जागा दिली होती.

श्याम स्कूटरवर बॅटरी बांधून आला. "तिसरी टाकून देऊ मॅडम? ही एकदम जबरदस्त कंपनी हाय."

"टाकू नका, नुसती जोडा. आणि मधे हा मीटर." तिनं पिशवीतून मल्टिमीटर काढला. "गाडी बंद असताना किती करंट जातो ते पाहायचंय."

"बंद गाडीत कायचा करंट?" गजेंद्र हसला. "आता हे पाय, श्याम. डॉक्टरीण आली."

श्यामनं बॅटरीची एक वायर मीटरमधून जोडली. चावी ज्योत्स्नाच्या पर्समध्ये, दारं बंद. आकडा स्थिरावला, पॉइंट सहा अँपिअर. श्यामनं मीटर हलवून पाहिला. आकडा हलला नाही.

"किती असायला पाहिजे?" तिनं विचारलं.

"नसल्यासारखाच पाहिजे," श्याम खाली मान घालून म्हणाला.

"आता गाडीवर कव्हर टाका. आणि तुम्ही," ती गजेंद्रला म्हणाली, "कव्हरखाली डोकं घाला. काचेपाशी, डाव्या बाजूला."

"मी?"

"तुम्हीच. नाव तुमचं आहे."

कव्हरखालच्या अंधारात, काचेआड डॅशबोर्डवर ठेवलेल्या पाटीची लालभडक अक्षरं झळकत होती. 'गजेंद्रभाऊ, जिल्हा उपाध्यक्ष, नवनिर्धार विचार मंच.' भोवती हिरव्या ठिपक्यांची महिरप पळत होती. त्या मंचात उपाध्यक्ष इतके होते की साधा सभासद शोधून सापडला नसता. गाडी चालवणाऱ्याला जिची नुसती काळी पाठ दिसे अशी ही पाटी रात्रंदिवस पोर्चच्या भिंतीला उपाध्यक्षांची ओळख करून देत होती, आणि वाचायला तुडतुडे जमत होते. आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं.

गजेंद्र घामाघूम होऊन बाहेर आला. "एलईडी हाय तो. एलईडीले करंट लागत नाई."

"मग कशावर पेटतो?"

"तो बंद कराचा नाई. घडीघडी चालू-बंद केलं का उडते, लाइटवाल्यानं सांगतलं. म्हणून तं चावीच्या भायेरून डायरेक जोडला. मांडवासमोर गाडी उभी असली तं नाव दिसाले पायजे का नाई?"

ज्योत्स्नानं कव्हर सारून दार उघडलं, पाटीची पिन ओढली आणि दार लावलं. मीटरचा आकडा शून्याशी जाऊन बसला. श्यामनं तिसरी बॅटरी गुपचूप स्कूटरकडे थोडी सरकवली.

केशरबाई दारात येऊन सगळं पाहत होत्या. "मंग बुधवार नव्हता का वं?"

"रविवार होता, आई."

पदर तोंडाशी धरून त्या हसल्या, पण मुलाकडे नजर जाताच आत गेल्या.

गजेंद्रला सावरायला फार वेळ लागला नाही. चूक सापडली की ती माफ करणारा तोच असे. "बरं, झालं ना ठीक? मी कुठं नाई म्हणून राहिलो होतो, बाप्पा! गाडीचीच तं अडचण होती. घे ते काम. रोज जा, रोज ये. सांजच्या सैपाकाले येऊन पडशीन. पाटी मी रविवारपुरती लावत जाईन."

तिनं पाटी त्याच्या हातात दिली. विझलेली ती नुसतं काळं प्लास्टिक होती. मग फडक्यानं वायपरची खाच पुसली, शेवटचा तुडतुडा निघेपर्यंत. हात पुसले.

"होकार आजच कळवते," ती म्हणाली. "पण रोज येणार नाही. मी अमरावतीला राहायला जातेय. गाडी घेऊन."