छान हरणारा

पेंटरला सगळे पेंटरच म्हणायचे. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे पेंटर' म्हणायची. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणं हा त्याचा धंदा आणि शहरातल्या फुटबॉल क्लबवर जीव टाकणं हे त्याचं वेड. दोन्हींत त्याला कधी यश आलं नाही. लोक आता पाट्या मशीनवर छापून घेत होते, आणि क्लब दिसायला देखणा खेळायचा, पण हरायचा. तेही असं, की समोरच्या संघाचे लोक बाहेर पडताना म्हणायचे, "खेळलात मात्र तुम्ही!" पेंटर तेवढ्यावर आठवडा काढायचा.

मुलगी लहान असल्यापासून त्याच्यासोबत स्टँडमध्ये यायची. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती, पण सामन्याच्या दिवसाची सुट्टी कधी चुकवली नव्हती. तिच्या पलीकडे पेंटरचा साडू बसायचा. एकेकाळी दोघा साडूंचं पाट्यांचं दुकान एकत्र होतं. मग साडूने फ्लेक्स छापायचं मशीन घेतलं, पेंटरने नको म्हटलं आणि दुकानं वेगळी झाली. स्टँडमधल्या खुर्च्या मात्र शेजारी शेजारीच राहिल्या.

गेल्या हंगामात क्लब खालच्या विभागात जाता जाता वाचला. मालकांनी जुन्या कोचला निरोप दिला आणि नवा आणला. पहिल्याच सामन्यात त्याने आपले दहाच्या दहा खेळाडू गोलसमोर उभे केले. चेंडू आला की लांब भिरकावून द्यायचा, बस्स. शेवटी एका कॉर्नरवर कुणाच्या तरी गुडघ्याला लागून चेंडू आत गेला आणि सामना खिशात. लोकांनी त्याच दिवशी कोचचं नाव कुलूपवाला ठेवलं.

"मान आखडली," पेंटर म्हणाला. "चेंडू जमिनीवर कमी आणि आभाळात जास्त. आपण काय पतंग बघायला आलो होतो?"

"जिंकलो ना?" साडू म्हणाला. "पेपरात निकाल छापतात, पेंटर. सौंदर्य नाही छापत."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या दुकानात नेहमीचं एक गिऱ्हाईक चिडवायला म्हणून तोंड उघडणार तोच तिने त्याला निकाल सांगितला आणि खोकल्याचं औषध त्याच्यासमोर ठणकन आपटलं. तिला इतकं बरं वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

क्लब जिंकत राहिला. एकाच गोलने, कधी पेनल्टीवर, कधी समोरच्याच्या चुकीने. स्टँड भरायला लागलं. पूर्वी जे लोक क्लबचं नाव काढलं की हसायचे, ते आता गळ्यात मफलर घालून फिरू लागले. आणि बगळा बाकावर बसला. बगळा म्हणजे मधल्या फळीतला उंच, काटकुळा खेळाडू. पायाशी चेंडू आला की तो क्षणभर एका पायावर थांबायचा आणि मग कुणालाच न दिसलेल्या फटीतून पास काढायचा. पेंटर त्याच्यासाठीच यायचा, असं म्हटलं तरी चालेल. कुलूपवाल्याला असा थांबणारा माणूस नको होता. हंगामाच्या मध्यावर एका रविवारी त्याने बगळ्याला दुसऱ्या क्लबला विकायला लावलं.

त्याच रविवारी साडू त्यांच्याकडे जेवायला आला होता. पेंटरची बायको नुकतीच कामावरून आली होती. ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायची. साबणाने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या आणि पाठ ताठ करायला तिला भिंतीचा आधार लागायचा. घर तिच्याच पगारावर चालत होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

साडूने जेवताना पुन्हा विषय काढला. "माझ्याकडे या, पेंटर. मला भरवशाचा माणूस हवाय. किती दिवस सांगतोय."

पेंटरने मान हलवली. "तुझं मशीन म्हणजे त्या कुलूपवाल्याचा खेळ आहे रे. काम होतं, पण आपण केलं असं वाटत नाही. आज बगळ्याला विकलं, उद्या मैदानही विकतील. त्यापेक्षा छान खेळून हरलेलं काय वाईट?"

मुलीने हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर छानच खेळलात," ती म्हणाली. "हरणं तेवढं आईच्या वाट्याला आलं."

आवाज चढवलासुद्धा नव्हता तिने. साडू पाण्याच्या ग्लासात बघत राहिला. पेंटरने बायकोकडे पाहिलं. ती 'काहीतरीच काय बोलतेस' म्हणेल, अशी त्याला आशा होती बहुतेक. बायकोने भाताचं भांडं पुढे सरकवलं.

"गार होतंय," ती म्हणाली. "जेवून घ्या."

पेंटर जेवला. ताट स्वतः धुऊन ठेवलं. शब्द परत घ्यावा असं काही मुलीला त्यात सापडेना. खोटं बोलली असती तर माफी मागता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर कुणाला न सांगता साडूच्या कारखान्यात गेला. "कुठे उभा राहू?" एवढंच त्याने विचारलं.

छापून झालेला फ्लेक्स मशीनमधून हळूहळू बाहेर यायचा. त्याच्या कडा दुमडून गरम हवेने चिकटवायच्या, कोपऱ्यांना भोकं पाडून रिंगा ठोकायच्या, गुंडाळी करून भिंतीशी लावायची. पेंटर हे झटपट शिकला. सुरुवातीला साडूच्या मनात धाकधूक होती, की हा आता प्रत्येक अक्षराला नाव ठेवणार. पेंटरने कशालाच नाव ठेवलं नाही.

काही आठवड्यांनी साडू औषध घ्यायला म्हणून मुलीच्या दुकानात आला आणि काउंटरपाशी घुटमळला.

"परवा एक बोर्ड छापला," तो म्हणाला. "अक्षरं एकमेकांच्या बोकांडी बसलेली. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, पेंटर, कसं वाटतंय? तर म्हणतो, गिऱ्हाईक खूश आहे ना, मग झालं."

"मग तुम्हाला हेच तर हवं होतं ना, काका?"

"हो गं," साडू म्हणाला. थोडा वेळ गोळ्यांच्या पाकिटाशी चाळा करत राहिला. "पण त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

घरात मात्र सगळं मार्गी लागत होतं. बायकोने लाँड्रीतलं काम निम्म्यावर आणलं. बोटांच्या भेगा भरत आल्या. संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून चहा पिऊ लागली. एकदा मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी मी चुकले का?"

आईने चहाचा घोट घेतला.

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "मला इतक्या वर्षांत बोलता आलं नव्हतं. माझी पाठ तुझ्या बोलण्यानेच सुटली." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पण पूर्वी ते घरात आले की आधी कटकट यायची आणि मग ते यायचे. आता दार उघडलं तरी कळत नाही."

हंगामाचा शेवटचा सामना दुपारी होता. बरोबरी झाली तरी क्लब विजेता ठरणार होता, इतिहासात पहिल्यांदा. पेंटर येणार नाही असं मुलीला वाटलं होतं, पण तो तयार होऊन दारात उभा होता. तिघं नेहमीच्या जागी बसले. कुलूपवाल्याने नेहमीप्रमाणे सगळे गोलसमोर उभे केले. समोरच्यांनी डोकं आपटलं, बार हलला, गोलरक्षकाने दोनदा जमिनीवर लोळण घेतली. आपल्या संघाने समोरच्या गोलकडे धड एक चेंडू मारला नाही. शिट्टी वाजली तेव्हा फलक कोराच होता.

स्टँड कोसळेल असा गजर झाला. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. साडू खुर्चीवर चढून नाचला आणि उतरताना त्याचा पाय मुरगळला, तरी हसत राहिला. मुलीच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने वळून बाबांकडे पाहिलं. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळे थांबले की थांबत होता, पुन्हा सुरू झाले की वाजवत होता.

बाहेर पडताना गर्दीत ती त्याच्या दंडाला धरून चालत होती.

"खेळ मात्र रद्दी होता ना, बाबा?" ती म्हणाली. "खरं सांगा. नुसती धोपटाधोपटी."

"निकाल महत्त्वाचा," तो म्हणाला.

ती थांबली. हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर तिने त्याला मिठी मारली असती. पण त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसा तो बोलला होता.

"बाबा, मी त्या दिवशी..."

"काकाला आधार दे," तो म्हणाला. "लंगडतोय बघ."

पुढच्या हंगामाची तिकिटं निघाली तेव्हा मुलीने तिन्ही खुर्च्यांचं विचारलं. पेंटर फ्लेक्सच्या रिंगा लागून सोललेल्या अंगठ्याला पट्टी बांधत होता.

"तू आणि काका जा," तो म्हणाला. "मला निकाल सांग."

त्यानंतर प्रत्येक सामन्याहून घरी आली की ती दारातूनच निकाल सांगायची. जिंकलो, बाबा. तो 'बरं' म्हणायचा. पानगळीच्या सुमारास एकदा क्लब वाईट हरला, चार गोल खाऊन, आणि तिला वाटलं, आज तरी काही बोलेल. कुलूपवाल्याचा उद्धार करेल, बगळ्याचं नाव काढेल. ती चप्पलही न काढता आत आली.

"हरलो, बाबा. चार-शून्य."

पेंटरने जेवता जेवता मान वर केली.

"बरं," तो म्हणाला आणि तिच्यासाठी पाट सरकवावा तशी शेजारची खुर्ची थोडी बाजूला ओढली.