चिखलाला जागा नसलेली फ्रेम

सकाळी नऊ वाजता, कॅन्ससमधल्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीत, डार्लीनच्या सायकलीचं मागचं चाक चिखलानं जाम झालं. इथले सगळेच स्पर्धक रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवतात, चिखल खरवडायला. तिची पट्टी टायर आणि फ्रेमच्या मध्ये शिरेना. तिला ही फ्रेम विकणारा वेन्डेलही शर्यतीत होता; तो मागूनच सायकलवर आला.

"रुंद टायर बसेल म्हणालास."

"बसलाय की."

"आणि चिखल कुठे बसवू? तुझ्या डोक्यावर? चढासाठी हलका गिअर मागितला, तर म्हणालास, पायात ताकद आण."

"दुकानात चाक छान फिरत होतं, डार्लीन."

"दुकानात चिखल असतो का रे?"

वेन्डेलच्या स्वतःच्या फ्रेममध्ये टायरभोवती बोटभर मोकळी जागा होती. तो निघून गेला.

शर्यतीची पुढची तपासणी चौकी अकराला बंद होते. त्यानंतर पोहोचणारा बाद. साडेदहाला डार्लीन जाम झालेली सायकल खांद्यावर घेऊन चढ चढत होती, आणि चौकी अजून दिसतही नव्हती.