पोहणारे गोटे

चंद्रपुरात खाणीचे आराखडे करणारं एक खाजगी ऑफिस. तिथी लटारू कॉम्प्युटरवर बसे. वय पन्नाशीले टेकलं, पण अंगातला वांडपणा काई गेला नाई. कोणाच्या डब्यात पोळीखाली रबरी पाल, कोणाच्या खुर्चीचं एक चाक गायब. ऑफिसातला माणूस बुड टेकवायच्या आधी खुर्ची चाचपून पाहे, ते लटारूच्याच भेवानं.

खाली प्रयोगशाळेत दिव्यानी. कंत्राटावरची, पण कामाले पक्की. बोअरमधून निघालेला कोळसा फोडायचा, अन् एकाहून एक जड अशा द्रवांच्या बादल्यांत पाळीपाळीनं बुडवायचा. साफ कोळसा पह्यल्याच बादलीत तरंगते, राखवाला पुढच्यांत, अन् गोटे शेवटपर्यंत तळाले. कुठी किती तरंगलं, त्यात राख किती, याचा तक्ता ती वर धाडे. कोण्या बोअरले बादल्यांतले द्रव एका जडपणाचे, कोण्याले दुसऱ्याच. म्हणून लटारू ते सारे तक्ते सॉफ्टवेअरमध्ये घालून एका मापात आणे. त्याशिवाय खाणीची बेरीज बसत नाई. अन् सॉफ्टवेअर चालवायच्या आधी दर शुक्रवारी दिव्यानी वर येई, लटारूसंगं चहा घेई, ओळ न् ओळ तपासे.

एका शुक्रवारी लटारूच्या डोक्यात किडा वळवळला. एका बोअरचे राखेचे आकडे त्यानं उलटे करून टाकले, वरचे खाली अन् खालचे वर. म्हणजे गोटे तरंगले अन् कोळसा बुडाला! शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘दिव्यानीबाई, तुमचे गोटे पोहायले शिकले. समोसे आणा.’ अन् तिची वाट पाहत गालातल्या गालात हासत बसला.

दिव्यानी आलीच नाई. आईले ताप चढला म्हणून दुपारीच नागभीडले निघून गेली होती. तिच्या जागी दारात उभे अजयसाहेब.

“लटारूभाऊ, चालवा लवकर. खाणवाले फोनवर खोळंबून राह्यले.”

“तपासायचं राह्यलं साहेब...”

“दिव्यानीबाईचं काम चोख असते. चालवा.”

साहेब पाठीशीच उभे. आता ‘थांबा, मी गंमत केली’ म्हणावं कोणत्या तोंडानं? लटारूनं बटन दाबलं. सॉफ्टवेअर बिचारं कोकललं, या बोअरची राख उलटी दिसते, पुढं जाऊ का? असे इशारे रोजचेच, अर्धे फालतू, म्हणून साहेबाले काई वाटलं नाई. लटारूले माहीत होतं हा फालतू नाई. त्यानं ‘हो’ दाबलं. सोमवारी गुपचूप सुधरवून टाकू, म्हणे.

सोमवारी ऑफिसात पाय ठेवला तर बैठकीचं बोलावणं. तक्ता खाणवाल्यांच्या हाती पोचला होता.

“हासले ते आपल्याले,” अजयसाहेब दिव्यानीले म्हणाले. “गोटे तरंगवून दाखवले तुम्ही, बाई. बादल्या इकडच्या तिकडं झाल्या ना? असं असन तर कंत्राट वाढवता येणार नाई मले.”

लटारूले वाटलं, आता ही भांडन. भांडावं तिनं. पण तिनं आपल्या हाताकडं पाह्यलं. द्रवानं बोटांची सालं निघाली होती.

“आईचा फोन आला होता त्या दिवशी,” ती हळूच बोलली. “घाईत होती मी. झाल्याही असतीन.”

न केलेली चूक ती पदरात घेऊन राह्यली होती. लटारूचे कान तापले.

“साहेब, ते म्या केलं.”

सारी खोली फसकन हासली. हिशोबवाला धम्मदीप म्हणाला, “घ्या, सुरू झाले भाऊ! मंग माह्या सायकलीची हवाही तुम्हीच काढली असन!”

“ते तर काढलीच होती.”

अजूनच हासू. साहेबही हासले. दिव्यानी तेवढी हासली नाई. डोळ्यात पाणी आणून म्हणाली, “भाऊ, माह्यासाठी खोटं नका बोलू. तुमच्यावर काऊन येऊ द्याचं?”

लटारूले वाटलं जमीन फाटावी अन् आपण पाताळात जावं. प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवलेल्या तक्त्यात त्याचा शेरा नव्हताच. सॉफ्टवेअरनं आकडे घेतले अन् शब्द फेकून दिले, मस्करी गाळली अन् खोटं तेवढं ठेवलं. तो उठला, मूळ तक्ता काढून भिंतीवर लावला. शेऱ्याचा रकाना सगळ्यांनी वाचला. धम्मदीपच्या तोंडून ‘पोहायले शिकले’ वर एक हासू निघालं, ते अर्ध्यातच मेलं.

“इशारा नव्हता आला का?” साहेबानं इचारलं.

“आला होता. तुमच्यासमोरच.”

“मंग?”

“हो दाबलं.”

दिव्यानीनं तो शेरा दोनदा वाचला. पदरानं डोळे पुसले अन् खाली निघून गेली.

कंत्राट वाढलं. खाणवाल्यांले फोन साहेबानं लटारूलेच लावायले लावला, साऱ्या ऑफिससमोर. पह्यलेपासून सांगा, म्हणे. त्यानं सांगितलं. समोसे सुद्धा.

पुढच्या शुक्रवारी लटारूनं दोन कप चहा आणून ठेवला. दिव्यानी आली. खुर्ची चाचपली, पण बसली नाई, उभ्यानंच ओळ न् ओळ तपासली. लटारूनं कप पुढं सरकवला. तिनं उचलला, आत पाह्यलं, नाकाशी नेऊन हुंगला, अन् तसाच खाली ठेवला.

“काई नाई टाकलं त्यात,” लटारू म्हणाला.

“नसन,” ती म्हणाली. “चालवा आता.”

ती पायऱ्या उतरून गेली. लटारूनं तिचा कप ओढला अन् थंड झालेला चहा सारा पिऊन टाकला, तिनं वळून पाह्यलं तर आपण पेताना दिसावं म्हणून. तिनं वळून पाह्यलं नाई.