चाकबाबांचं तेल

माल उतरवायच्या मैदानात सकाळपासून रांग लागली होती. टेम्पो, व्हॅन, जुने ट्रक आणि त्यांच्याभोवती मुंगीला वाट मिळू नये इतकी गर्दी. चाकबाबा येणार होते. हे बाबा माणसांचे आजार बरे करत नसत. ते गाड्यांचे करत, आणि त्यातही ब्रेकचे.

आधी एका टेम्पोवाल्याने सगळ्यांदेखत पेडल दाबलं. ते थेट तळाला गेलं. मग बाबा घोळदार झगा सावरत त्याच्या जागी बसले. "इंजिन म्हणजे वासना आणि ब्रेक म्हणजे संयम," ते म्हणाले. "संयम सुटला की देह दरीत. डोळे मिटा आणि माझ्याबरोबर नाम घ्या."

सगळ्यांनी डोळे मिटले. मैदान घुमलं. डोळे उघडल्यावर टेम्पोवाल्याने पुन्हा पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं कडक. लोकांनी हात जोडले. बाबांनी ब्रेकच्या डबीत आपल्या बाटलीतलं तेल सोडलं आणि उरलेली बाटली मालकाला दिली. तेल मुरायला वेळ लागतो, असं त्यांनी बजावलं. वाटेत पेडल खाली गेलं तर घाबरायचं नाही. नाम घ्यायचं, आणि दर नामाला एकदा पाय दाबायचा.

गर्दीत पाना होती. हायस्कूलच्या वर्कशॉपच्या तासाला गाडीदुरुस्ती शिकणारी ती एकटीच मुलगी. हातातला पाना खाली ठेवायची नाही, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव घरापर्यंत पोचलं होतं. आईवडिलांमागे मामा-मामींनी तिला वाढवलं होतं. मामा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, आणि व्हॅनचं पेडल मऊ लागत होतं. वर्कशॉपमध्ये आण, सर बघतील, असं पाना त्याच्या कानीकपाळी ओरडत होती. पोटापाण्याची गाडी शिकाऊ पोरांच्या हाती कोण देतं, असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. त्या दिवशी त्याचंही पेडल कडक झालं. त्याने तिला टपली मारली.

"बघ. तुझ्या सरांना जमलं असतं?"

पुढे एका दुपारी मुलांना घरोघरी सोडून परतताना टेकडीच्या उतारावर व्हॅन थांबली नाही. वळणावरच्या भिंतीने ती थांबवली. मामा जागच्या जागी गेला.

बाबा समाचाराला आले. भक्तीत खोट होती, म्हणाले. ज्या घरात शंका नांदते तिथे तेल तरी काय करणार? हे बोलताना त्यांनी पानाकडे पाहिलं, आणि तेवढं पुरलं. शेजारणी कुजबुजू लागल्या. मामीने तिच्याशी बोलणं टाकलं. ताटात जेवण पडायचं, शब्द पडायचा नाही.

चेपलेली व्हॅन मामीला दारात नको होती. भंगारात जाण्याआधी सरांनी ती वर्कशॉपसाठी मागून घेतली. तास सुरू होण्याआधी त्यांनी पानाला बाजूला घेऊन विचारलं, की आज बाहेर बसतेस का.

"नाही सर. मीच खोलते."

बॉनेट पहारीने उचकटावं लागलं. ब्रेकच्या पंपात एक दट्ट्या असतो आणि त्यावर रबरी सील. पाय दाबला की सील तेलाला पुढे रेटतं आणि दाब धरून ठेवतं. पानाने दट्ट्या ओढून काढला. सील पाण्यात पडलेल्या पावासारखं फुगलं होतं. तिने नख लावलं, तर खूण तशीच राहिली.

"ब्रेकचं तेल वेगळं असतं," सर म्हणाले. "दुसरं कुठलंही तेल त्या रबराची वाट लावतं. पण मी सांगतो म्हणून मानू नका."

मामाच्या सीटखाली बाबांची बाटली तशीच होती. एका ग्लासात ब्रेकचं तेल, दुसऱ्यात बाबांचं, आणि दोन्हींत एकेक कोरं सील. पुढच्या तासाला पहिलं सील दट्ट्यावर नीट बसलं. दुसरं इतकं सुजलं होतं, की कुणाच्याने बसवेना.

तो दुसरा ग्लास घेऊन पाना आणि सर मैदानात गेले. मनाला शांती मिळावी म्हणून मामीही तिथे आली होती. बाबा एका ट्रकमध्ये बसले, डोळे मिटा म्हणाले. पानाने मिटले नाहीत. ती केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. झग्याखाली बाबांचा गुडघा भराभर वरखाली होत होता.

नाम संपताच ती ट्रकवाल्याला म्हणाली, "काका, आता तुम्ही बसा. पेडल खाली गेलं, की नाम न घेता नुसतं भराभर दाबा."

तो घुटमळला. पोरीच्या विचारण्याने जी शक्ती जाते ती उतारावर टिकेल का, असं सरांनी शांतपणे विचारलं. मग तो चढला. नामाविना पेडल तसंच कडक झालं.

"आता पाय उचलू नका. दाबून धरा."

ट्रकवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"खाली चाललंय," तो म्हणाला.

सर लोकांकडे वळले. झिजलेल्या सीलमधून तेल निसटतं. भराभर दाबलं की निसटायच्या आत दाब तयार होतो, आणि धरून ठेवलं की उतरतो. "हे तुमच्यातल्या निम्म्यांच्या पायांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "नामाऐवजी शिव्या घातल्यात तरी पेडल कडक होईल. पण मूल रस्त्यात आडवं आलं, तर दोन्हींना वेळ नसतो."

नास्तिकांच्या सावलीत शक्ती उतरत नाही, असं पुटपुटत बाबा गाडीत बसले. ब्रेक तपासून घेतलेली चकचकीत गाडी होती ती. काही जण तरीही त्यांच्यामागे धावले. एकाने जाता जाता बाटलीही मागून घेतली.

मामी पुढे आली. तिने ग्लासातलं सील काढून तळहातावर घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पानाशी बोलली.

"एवढ्याशामुळे?"

"हो मामी. माझ्या शंकेमुळे नाही."

मामीने ते सील पानाच्या हातात ठेवलं. "शंका तुझ्या मामानेही घ्यायला हवी होती गं."

ज्याला नाम घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं. पण गाडी काढण्याआधी पेडल दाबून धरावं, आणि ते खाली सरकलं तर गाडी तिथेच ठेवून मेकॅनिकला बोलवावं. आणि चमत्कार दाखवण्याआधी जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्या पायांकडे बघावं. शंका घेतल्याने कुणी मरत नाही. न घेतल्याने मेलेला एक माणूस या गोष्टीत आहे.