क्लीनर, चार वर्षे

शेखरच्या मोबाईलमध्ये शेखरचेच एकशे बारा फोटो होते आणि एकूण एक फोटोत तो हाताची घडी घालून उभा होता. ही घडी त्याची स्वतःची नव्हती. कॉलेजात तीन दिवसांचं मोफत शिबिर झालं होतं, 'स्वतःचा ब्रँड घडवा' नावाचं. तिथं तेजस्विनी मॅडमनी सांगितलं होतं, की हात लोंबते ठेवणाऱ्या माणसाला कोणी नोकरी देत नाही.

शेखर सुरगाण्याकडचा. बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं होतं. नाशकात एका मित्राच्या खोलीवर राहून तो रोज अर्ज भरायचा, आणि अर्ज कुठं जातात ते त्याला कधी कळायचं नाही. शेवटी नाशकातल्याच अंबडच्या एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. माल रवाना करणाऱ्या विभागात, म्हणजे डिस्पॅचला, मदतनीस हवा होता. मुलाखत शनिवारी होती.

त्याच आठवड्यात गोटीराममामाचाही फोन आला. मामाची जीप सुरगाणा ते वणी चालायची.

"भाच्या, माझा गुडघा आता क्लच दाबीत नाय. शनिवारी तुझं जमलं तर जमलं. नाय तर सोमवारी येऊन चावी घे."

"मामा, मी बी.कॉम. आहे."

"मग काय झालं? जीपला चालतं."

शेखरला जीप नको होती. कॉलेजच्या चार वर्षांत, एक वर्ष नापास धरून, दर सुटीत तो त्या जीपवर क्लीनर होता. धूळ, उलट्या, टपावरच्या कोंबड्या, सगळं त्याच्या नाकात बसलं होतं. सोमवारी चावी घेतली की आपण जन्मभर त्याच रस्त्यावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो अर्ज घेऊन तेजस्विनी मॅडमकडं गेला.

मॅडमनी 'जीपवर क्लीनर' ही ओळ खोडली. "हे तुझ्या फोटोला शोभत नाही," त्या म्हणाल्या, आणि तिथं लिहिलं : ग्रामीण प्रवासी व माल वाहतूक व्यवस्थापन, चार वर्षे. मग त्यांनी त्याच्याकडून पहिलं वाक्य पाठ करून घेतलं. मी नोकरी शोधत नाही, मी संधीला उत्तर द्यायला आलो आहे. शर्ट आकाशी घालायचा, कारण आकाशी रंगावर विश्वास बसतो.

शनिवारी शेखर आकाशी शर्ट घालून कंपनीच्या गेटवर पोचला. वॉचमन केरूकाका रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांनी शर्टाकडं पाहिलं.

"तुमची शाळा आत बसलीय," ते म्हणाले.

आत बाकांवर एकतीस उमेदवार होते. त्यांतले सव्वीस आकाशी शर्टात, हाताची घडी घालून बसले होते. शिबिर कॉलेजाकॉलेजांत आणि मोफत झाल्यामुळं त्या सगळ्यांनीच केलं होतं. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. तेवढ्यात केरूकाका पाण्याचा जग घेऊन आले आणि म्हणाले, "प्रार्थना झाली का?"

केबिनचं दार नीट लागत नव्हतं. प्रत्येक जण आत गेला की थोड्या वेळानं बाहेर ऐकू यायचं, मी नोकरी शोधत नाही. शेखरनं हे अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी त्यानं दुसरं वाक्य सुचतं का ते पाहिलं. दुसरं वाक्य सुचलं नाही, मामाचा गुडघा तेवढा आठवला.

त्याचं नाव पुकारलं. आत डिस्पॅचच्या प्रमुख उज्वला मॅडम बसल्या होत्या. त्यांच्यापुढचा चहा केव्हाच गार झाला होता. शेखरनं तोंड उघडताच त्यांनी हात वर केला.

"थांबा. तुम्ही नोकरी शोधत नाही."

"शोधतोय, मॅडम," शेखर म्हणाला. "दीड वर्ष झालं."

मॅडमनी प्रथमच मान वर केली. "बसा. आणि हात सोडा." त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "ग्रामीण प्रवासी व माल वाहतूक व्यवस्थापन. हे काय आहे?"

"जीप आहे."

"तुमची?"

"मामाची."

"आणि तुम्ही व्यवस्थापक?"

"क्लीनर."

"क्लीनर काय करतो?"

"मागं लटकतो."

"आणि?" मॅडम म्हणाल्या. तेवढ्यानं उत्तर पुरं होत नव्हतं, हे शेखरलाही कळलं.

"कोण कुठं उतरणार ते चढतानाच विचारतो," तो म्हणाला. "वणीला जाणारा आधी आत, बोरगावला उतरणारा दाराशी. टपावरही तसंच. द्राक्षाच्या कामाला निघालेल्या लोकांची बोचकी, भांडी तळाला, कारण ते शेवटी उतरणार. आधी उतरणाऱ्याचं पोतं सगळ्यात वर. नाही तर प्रत्येक फाट्यावर अख्खी जीप रिकामी करावी लागते, आणि बाया बोलतात."

"काय बोलतात?"

"ते इथं सांगण्यासारखं नाही."

उज्वला मॅडमनी एक कोरा कागद पुढं सरकवला. एका टेम्पोत तीन ठिकाणचा माल जातो : सिन्नर, संगमनेर, चाकण. कसा भराल? शेखरनं पेन उचललं नाही. टेम्पो आधी कुठं थांबतो, तिथलं गेट किती वाजता उघडतं आणि टेम्पोला बाजूनं दार आहे का, हे त्यानं विचारून घेतलं. मग चाकण आत, संगमनेर मधे, सिन्नर दाराशी असं काढून दिलं.

"आणि संगमनेरवाल्यानं आयत्या वेळी माल घेतलाच नाही तर?"

"म्हणून एका बाजूनं माणूस जाईल एवढी वाट ठेवायची."

"तुमच्या जीपमध्ये अशी वाट असते?"

"असते. तिथं बोकड उभा करतात."

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तीन महिने झाले. आमचा टेम्पो सिन्नरला जातो, चाकणचा माल रस्त्यावर उतरवतो, सिन्नरचा देतो आणि चाकणचा परत भरतो." मग अर्जाकडं पाहून म्हणाल्या, "जीप असं सरळ का नाही लिहिलंत?"

"फोटोला शोभत नाही, असं शिबिरातल्या मॅडम म्हणाल्या."

रविवारी नोकरी लागल्याचा फोन आला. शेखरनं लगेच मामाला कळवलं.

"म्हंजी माझ्या जीपमुळं लागली," मामा म्हणाला.

"हो."

"मग जीप कोण चालवील?"

याचं उत्तरही मामाकडंच होतं. गावातल्या झिपरूचा थोरला पोरगा गाडी शिकला होता, आणि त्याला बी.कॉम. व्हायचं नव्हतं. "लय गुणी हाय," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

तेजस्विनी मॅडमनाही आनंद झाला. त्यांनी शेखरचा हाताची घडी घातलेला फोटो शिबिराच्या फलकावर छापला. नेमकं काय बोललास, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा शेखरनं सगळं खरं सांगितलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या पाळीसाठी आणखी एक मदतनीस हवा होता. अर्ज आले. उज्वला मॅडमनी शेखरला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अर्जांचे दोन ढीग होते, एक लहान, एक मोठा.

"शेखर, तुमच्या मामांच्या जीपा किती?"

"एकच, मॅडम."

मॅडमनी मोठा ढीग त्याच्याकडं वळवला. वरच्या अर्जावर लिहिलं होतं : सुरगाणा ते वणी जीप, क्लीनर, चार वर्षे. त्याखालच्या अर्जावरही तेच होतं, आणि त्याच्याखालच्याही. पुढचा अर्ज पंचवटीतल्या एका मुलीचा होता.

"चोवीस आहेत," उज्वला मॅडम म्हणाल्या. "एका जीपवर चोवीस क्लीनर?"

शेखरनं अर्ज शांतपणे चाळले, ढीग ठोकून सारखा केला आणि परत टेबलावर ठेवला.

"दाटीवाटीनं बसतात, मॅडम," तो म्हणाला. "यांना आत बोलवून फक्त एक विचारा, बोकड कुठं उभा करायचा."